कल्हई आणि विजेची तार : एका विद्येचे स्थलांतर

पनवेल येथील आमचे जुने घर पाडावयाचे ठरले, तेव्हा भिंतींवरील लाकडी पट्ट्यांतून विजेच्या जुन्या तारा काढण्यात आल्या. वरचे रबर वाळून कडक झाले होते. हात लावताच त्याचा भुगा होई. आतील तार पांढरी दिसत होती. भंगार घेणाऱ्या गृहस्थाने ती पाहिली आणि “ही अ‍ॅल्युमिनियमची, हिला भाव नाही,” असे म्हणून ती बाजूस टाकली. प्रस्तुत लेखकास संशय आला. त्याने चाकूच्या पात्याने तार किंचित खरवडली, तोच आतून लालबुंद तांबे डोकावले. भंगारवाल्याचा भाव लगेच कित्येक पटींनी वाढला, हे सांगावयास नकोच. परंतु लेखकाच्या मनात मात्र निराळाच विचार उभा राहिला. वर पांढरे, आत तांबडे, असे हे रूप आपण पूर्वी कोठे पाहिले आहे? उत्तर माजघराच्या फळीवरच होते. आजीचे कल्हई लावलेले पातेले ते हेच! ज्या तांब्याच्या भांड्यांवर आपल्या तांबट-कासार ज्ञातीच्या कित्येक पिढ्या जगल्या, त्या भांड्यांच्या पोटातील कथील विजेच्या तारेवर केव्हा आणि कशासाठी जाऊन बसले, याचा शोध घेण्याचा हा एक अल्प प्रयत्न आहे.

तांब्याच्या भांड्यास कल्हई का लावावयाची, हे आपल्या घरातील मुलीबाळींसही ठाऊक होते. आंबट पदार्थ उघड्या तांब्यास किंवा पितळेस लागला की कळकतो, आणि कळकलेले ताक कोणी तोंडास लावीत नाही. कथील हे मधला पडदा होऊन अन्नाचे धातूपासून आणि धातूचे अन्नापासून रक्षण करते. विजेच्या तारेची अडचण नेमकी अशीच होती. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन गृहस्थाने १८३९ साली रबरात गंधक घालून ते तापविले असता ते चिवट व टिकाऊ होते, हे पाहिले आणि १८४४ साली त्याचे एकस्व मिळविले. पुढे विजेचे दिवे घरोघर येऊ लागले तेव्हा तारेवर हेच गंधकयुक्त रबर चढविण्यात आले. परंतु रबरातील गंधक तांब्यास खाऊन काळे करी आणि उलट तांब्याच्या संसर्गाने रबर लवकर मरे. दोघांचे वैर मिटविण्यास मध्ये कोणी तरी शहाणा शेजारी हवा होता. ते काम कथलाने केले. आमच्या पाडलेल्या घरातील पांढऱ्या तारेचा हा इतिहास आहे.

मात्र धातूवर धातू चढविण्याची गरज विजेच्या तारेस त्याहूनही पूर्वीपासून होती. हिंदुस्थानात डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ साली कलकत्त्याजवळ तारायंत्राचा पहिला प्रयोग केला आणि १८५१ साली कलकत्ता व डायमंड हार्बर यांच्या दरम्यान तार उभारली. ही तार म्हणजे लोखंडाची जाड सळईच होती. त्या काळी मऊ तांब्याची तार दोन खांबांमध्ये ताणली असता स्वतःच्या वजनाने लोंबत जाई. म्हणून जगभर तारायंत्राकरिता लोखंडच वापरीत. लोखंडाचा शत्रू गंज. त्यावर उपाय सापडला होता तो सोरेल या फ्रेंच अभियंत्याच्या १८३७ च्या एकस्वात. वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवावे, म्हणजे त्यावर जस्ताचे पांघरूण बसते, आणि ते एखाद्या ठिकाणी खरचटले तरी जस्त आधी झिजून लोखंडास वाचविते. आजही मनोऱ्यांवरून जाणाऱ्या उच्च दाबाच्या अनेक तारांच्या पोटी जस्ताळलेल्या पोलादाचा गाभा असतो आणि त्याभोवती अ‍ॅल्युमिनियमचे पेड वळलेले असतात. वीज मुख्यतः अ‍ॅल्युमिनियम वाहते आणि भार मुख्यतः पोलाद वाहते, अशी ही कामाची वाटणी आहे.

येथवरचा इतिहास परदेशाचा झाला. परंतु ‘आधी जाड लेप, मग बारीक तार’ ही जी या धंद्यातील एक मोठी युक्ती, ती महाराष्ट्रास विजेच्या आधीच अवगत होती, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. पुण्याच्या आणि येवल्याच्या जरीचे उदाहरण पाहावे. खरी जर म्हणजे सोन्याची तार नव्हे. ती सोन्याचा मुलामा असलेली चांदीची तार होय. कारागीर चांदीची लगड घेई, तिच्यावर सोन्याचे पत्रे बसवून ती तापवी व घट्ट करी आणि मग ती लगड पोलादी जंतरपट्टीच्या उत्तरोत्तर लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढीत नेई. चांदी लांबे, तिच्याबरोबर सोनेही लांबे. परंतु कोठे उघडे पडत नसे. येथील गणित मोठे सुंदर आहे. तारेची लांबी शंभर पट झाली की तिचा व्यास दशांश होतो आणि वरच्या लेपाची जाडीही त्याच प्रमाणात दशांश होते. म्हणजे सुताहून बारीक तारेवर प्रत्यक्ष सोने चढविण्याची खटपटच नको. जाड लगडीवर ते नीट बसविले की पुढचे काम जंतरपट्टी करते. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात तांब्यापितळेच्या कामाबरोबर या सोन्यारुप्याच्या तारेच्या धंद्याचेही वर्णन आले आहे. आजच्या कारखान्यातही जाड तांब्याच्या तारेवर विजेच्या साहाय्याने कथील अथवा चांदी चढवितात आणि मग हिऱ्याच्या साच्यांतून ती ओढून बारीक करतात. यंत्र बदलले, वेग बदलला. युक्ती तीच राहिली.

आता कथील चढविण्याची जी दुसरी आणि जुनी रीत, तिच्याकडे वळू. कल्हईवाला अंगणात खड्डा करून भाता लावी. भांडे तापवी, कापसाच्या बोळ्याने त्यावर नवसागर फिरवी, आणि धुराचा लोट उठताच कथलाची कांडी टेकवून वितळलेला रस त्याच बोळ्याने सर्वत्र पसरवी. नवसागर तांब्यावरील मळ व काळिमा खाऊन टाकी, म्हणूनच कथील धरत असे. मळक्या तांब्यावर कथील थेंब होऊन घरंगळते. तारेच्या कारखान्यात पाहावे तर हाच क्रम रांगेत मांडलेला आढळतो. तार प्रथम तापवून मऊ केलेली असते. ती आम्लातून जाते, पाण्याने धुतली जाते, नवसागर व जस्ताच्या क्षाराच्या द्रावणातून पुढे सरकते आणि मग वितळलेल्या कथलाच्या कढईत शिरते. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळते. कढई त्याहून थोडी अधिक तापलेली ठेवतात. बाहेर पडताना तार एका पुसणीतून किंवा साच्यातून निघते, जादा कथील निपटले जाते, पाण्याने ती थंड होते आणि रिळावर गुंडाळली जाते. कल्हईवाल्याच्या हातातील बोळा आणि कारखान्यातील पुसणी यांचे काम एकच आहे. लेप सर्वत्र सारखा असावा, कोठेही सुईच्या अग्राएवढेही छिद्र राहू नये.

छिद्र राहिले तर काय होते, हे भांड्याच्या बाबतीत जिभेस कळते. तारेच्या बाबतीत कळावयास वर्षे लागतात. चांदी चढविलेल्या तांब्याच्या तारेवर सूक्ष्म छिद्र राहून त्यात ओलावा शिरला, तर आतील तांबे हळूहळू तांबूस भुकटी होऊन जाते. या व्याधीस त्या धंद्यात ‘तांबडा प्लेग’ असे भयंकर नाव पडले आहे. पुढे सांगितलेल्या कारणांमुळे अशी तार विमानात वापरतात हे ध्यानी घेता, लेप देणाऱ्याच्या हातावर किती जणांचा जीव अवलंबून असतो, हे वाचकांनीच जाणावे.

आपल्या देशात तारेचा धंदा कसा वाढला, हे थोडक्यात सांगतो. जमशेदपूर येथे इंडियन केबल कंपनी १९२० साली निघाली. स्वातंत्र्यानंतर मुंबईस बोरिवली येथे केबल कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने आणि पुण्यास फिनोलेक्सने अनुक्रमे १९५७ व १९५८ च्या सुमारास आरंभ केला. परंतु पनवेलकरांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट १९८९ सालची आहे. त्या वर्षी सरकारी मालकीच्या हिंदुस्थान कॉपर कंपनीने आपल्याच तालुक्यात, तळोजे येथे, तांब्याच्या सळईचा कारखाना उभारला. त्याची वार्षिक क्षमता ६०,००० टन होती. शुद्ध तांब्याचे पत्रे वितळवून, त्या रसाची अखंड कांब ओतून, ती थंड होण्याच्या आतच लाटून मुख्यतः ८ मिलिमीटर जाडीची सळई काढावयाची, अशी ती अमेरिकन पद्धती. या सळईपासूनच पुढे सर्व प्रकारची तार ओढतात. ज्या पनवेल बंदरातून, बोरघाटात आगगाडी होण्यापूर्वी, म्हणजे १८६३ च्या आधी, मुंबईचा माल उतरून बैलगाड्यांनी पुण्याकडे जात असे, त्याच पनवेलच्या परिसरात तांबे सळईच्या रूपाने पुन्हा एकदा नवा मार्ग धरून निघाले.

येथे इतिहासातील एका विलक्षण योगायोगाकडे लक्ष वेधावेसे वाटते. दुसऱ्या महायुद्धानंतर घरगुती तारांवरील रबर जाऊन त्या जागी पीव्हीसी हे प्लॅस्टिक आले. त्यात गंधक नाही. त्यामुळे घरच्या तारेस कथलाची गरज उरली नाही. जवळजवळ त्याच काळात स्वयंपाकघरात स्टेनलेस स्टीलची भांडी शिरली आणि पातेल्यासही कल्हईची गरज उरली नाही. एकाच पिढीत कथलास दोन घरांतून निरोप मिळाला! परंतु दोन्ही ठिकाणचा परिणाम सारखा झाला नाही. भांड्यांच्या आळीतील भाते विझले ते विझलेच. तारेच्या धंद्याने मात्र कथलासाठी नवी कामे शोधून काढली. जहाजे, आगगाडीचे डबे, दमट व खाऱ्या हवेतील यंत्रे, जमिनीशी जोडणाऱ्या विणलेल्या पट्ट्या आणि अलीकडे छपरांवरील सौरफलकांच्या तारा या सर्वांस कथील लावलेले तांबे लागते. अधिक उष्णतेसाठी कथलाच्या पुढे चांदी व निकेल आली. सामान्यतः कथील सुमारे १५० अंशांपर्यंत, चांदी २०० पर्यंत आणि निकेल २६० अंश सेल्सियसपर्यंत टिकाव धरते, असे मानतात. विमानाच्या अंगात शिरांप्रमाणे पसरलेल्या तारा याच तीन प्रकारच्या लेपांच्या असतात.

प्रस्तुत लेखक आता करंजाडे येथे राहतो. एके काळी गाढी नदीच्या काठचे हे लहानसे गाव. आज सिडकोची वसाहत. समोरच्या भूमीवरील गावांनी आपली घरे सोडली, आणि त्या जागी झालेल्या नवी मुंबई विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन होऊन २५ डिसेंबरपासून विमाने उडू लागली. गच्चीवरून विमान दिसते तेव्हा मनात येते की, याच्या पोटात मैलोगणती तांबे आहे, आणि त्या तांब्यावर कोणी तरी उत्तम कल्हई केलेली आहे.

आता जे सांगावयाचे ते काहीसे अप्रिय आहे. ज्ञातीच्या स्मरणिकेत पूर्वजांचा गौरव करावा, ही रीत आहे. त्वष्ट्यापासून आपली परंपरा सांगून ‘विजेची तारही मूळची आमचीच’ असे लिहिले असते, तर काही बांधवांस बरे वाटले असते. परंतु ते सत्य होणार नाही. पेशवाईत कोकणातून पुण्यास जाऊन वसलेल्या तांबटांनी भांडी घडविली आणि मठारली. त्या कामात त्यांचा हात धरणारा नव्हता. पण कल्हईचे काम पुष्कळ ठिकाणी कलईगर मुसलमान कारागिरांचे होते, जरीची तार ओढणारे आणखी निराळे होते, आणि रबर, जस्त व वीज यांचे शोध तर सातासमुद्रापलीकडचे. एका तारेत इतक्या हातांचे श्रम आहेत. तीवर एका ज्ञातीचा शिक्का मारू पाहणे म्हणजे उरलेल्या सर्वांचे ऋण बुडविणे होय.

आपली खरी हानी निराळीच आहे. आपला धंदा स्टीलने नेला, असे आपण पन्नास वर्षे म्हणत आलो. स्टीलने भांडे नेले. विद्या नेली नाही. तांबे केव्हा मऊ होते, कोणत्या रंगावर आले की भट्टीतून काढावे, किती ठोकल्यावर पुन्हा तापवावे, नवसागर कमी पडला तर काय दिसते, हे ज्ञान तळोज्यासारख्या ठिकाणी उभ्या राहिलेल्या नव्या धंद्यास परके नव्हते. परंतु ते आपल्या वडीलधाऱ्यांच्या बोटांत होते, कागदावर नव्हते. मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्था १८८७ सालीच निघाली होती. तिच्या पायरीपर्यंत आळीतील किती मुले पोहोचली? ज्यास हाताची विद्या होती त्यास पुस्तकाची मिळाली नाही, आणि पुढे ज्यास पुस्तकाची मिळाली त्याने हाताची विद्या कमीपणाची मानून ती सोडली. दोहोंची गाठ पडली असती, तर आपल्यातील काही जण आज तारेचे कारखानदार असते.

गेलेली वेळ परत येत नाही. तरी एक काम अजून हाती आहे. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम करणारे हात अद्याप आहेत. गावोगावी विझलेल्या भात्यांशेजारी बसलेली वृद्ध माणसेही आहेत. त्यांच्याजवळ तरुणांनी वही घेऊन बसावे. हत्यारांची नावे, तापाचे रंग, प्रमाणे, चुका आणि त्यांवरील उपाय लिहून घ्यावेत. त्यातील काही विद्यार्थी धातुशास्त्र शिकत असतील, तर त्यांनी आजोबांचे बोलणे आणि प्राध्यापकांचे बोलणे शेजारी शेजारी मांडून पाहावे. दोन्ही एकच गोष्ट सांगत आहेत, असे त्यांस पुष्कळदा आढळेल.

आमच्या जुन्या घरातील त्या तारेचा हातभर तुकडा लेखकाने भंगारात दिला नाही. एका टोकास पांढरा, खरवडलेल्या टोकास लाल, असा तो टेबलावर ठेवलेला आहे. भंगारवाल्याने वरचा रंग पाहून त्याचे मोल ठरविले होते. आपणही आपल्या विद्येच्या बाबतीत तीच चूक केली. ती आता तरी सुधारावी, एवढीच ज्ञातिबांधवांस नम्र विनंती आहे.