मुंबईचीं दोन क्रीडांगणें व त्यांचें स्वामित्व

एकाच भूमीवर अनेकांचे हक्क कसे नांदतात हें जुन्या सनदा व निवाडपत्रें चाळणारांस सांगावयास नको. जमीन सरकारची, वहिवाट दुसऱ्याची व उत्पन्न तिसऱ्याचें, हा प्रकार वतनी कागदांत पदोपदीं आढळतो. मुंबईंतील दोन प्रसिद्ध क्रीडांगणांचा इतिहास पाहतां आम्हांस तोच प्रकार नव्या वेषांत दिसला.

बॅक बे येथें समुद्र हटवून केलेल्या भरावापैकीं सुमारें ९०,००० चौरस यार्ड जागा मुंबई सरकारनें क्रिकेट क्लब ऑफ इंडिया या संस्थेस दर चौरस यार्डास साडेतेरा रुपये या भावानें दिली. १९३६ सालीं गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांनीं कोनशिला बसविली, व ७ डिसेंबर १९३७ रोजीं त्यांच्याच नांवाचें स्टेडियम खुलें झालें. भूमि सरकारनें दिलेली, नांव गव्हर्नरचें, परंतु इमारत व तिचा कारभार सभासदांच्या क्लबाकडे, अशी ही व्यवस्था होती.

तिचें फळ पहिल्याच वर्षीं दिसलें. पंचरंगी सामने या नव्या जागीं आले, आणि प्रेक्षकांच्या जागांच्या वांटणीवरून वाद होऊन १९३७ सालीं हिंदूंचा संघ सामन्यांबाहेर राहिला. पुढें १९७० नंतरच्या वर्षांत हाच तंटा क्लब व मुंबई क्रिकेट असोसिएशन यांजमध्यें तिकिटांच्या हिश्शावरून पुन्हां विकोपास गेला. तेव्हां असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांच्या पुढाकारानें, पहिल्यापासून एक किलोमीटरच्या आंतच, दुसरें स्टेडियम उभें राहिलें. जानेवारी १९७५ मध्यें तेथें पहिला कसोटी सामना झाला. येथेंही जमीन राज्य सरकारची, भाडेपट्ट्यानें दिलेली. वास्तु मात्र असोसिएशनची.

यावरून आमचें मत असें झालें आहे कीं, क्रीडांगण खासगी कीं सार्वजनिक हा प्रश्न केवळ जमिनीच्या कागदावरून सुटत नाहीं. दोन्ही वेळां भांडण जमिनीवरून झालें नाहीं, बसावयाच्या जागेवरून झालें. खुर्च्या वांटण्याचा अधिकार ज्याच्या हातीं, तोच व्यवहारांत धनी ठरला. सरकारी जमिनीचा खरा मालक जो सामान्य नागरिक, त्याचा वांटा कोणत्या कलमांत लिहिला आहे, हें मूळ पट्टे व करारनामे पाहिल्यावांचून कळणार नाहीं.

संग्राहक जुनीं तिकिटें व धांवफलक आवडीनें जपतात. त्यांनीं भाडेपट्टे, जागावांटपाच्या याद्या व सभांचीं इतिवृत्तें यांसही तोच मान द्यावा, अशी आमची विनंति आहे. या तंट्यांचा निवाडा पुढील पिढ्यांस याच कागदांवरून करावा लागेल.