दहा सैनिक आणि एक दोर

पहाटेचे चार वाजलेत. मार्केट यार्डात कांद्याच्या गाळ्यापुढे उभे आहात ना? मग पाठीवर पोतं घेतलेला हमाल ‘बाजूऽऽ’ म्हणून ओरडला की नुसते सरकू नका, थेट 1942 सालच्या बंगळुरात या.

कांद्याचा दर्प गेला, नाकात रोगणाचा उग्र वास शिरला. रिव्हेट ठोकण्याच्या खडखडाटानं कानठळ्या बसताहेत, वर पत्रा तापलाय, सदरा पाठीला चिकटलाय. ही हिंदुस्तान एअरक्राफ्टची शेड. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढलेल्या या कारखान्याचं वय जेमतेम दीड वर्ष. कन्नडमध्ये हाका चालल्यात, मध्येच एखादा अमेरिकी तंत्रज्ञ हातवारे करून काही समजावतोय. बाहेरून आलेले सुटे भाग जुळवून लढाऊ विमानं उभी करायची घाई आहे.

तुम्ही मात्र या लांब पंखांच्या विमानाकडे या. चढा आत. डोकं सांभाळा! जागा दहा जणांची. शेजाऱ्याचा गुडघा लागतोय? अजून बूट, बंदूक आणि पाठपिशवी यायचीय. इंजिन शोधू नका, ते नाहीच. ट्रॅक्टरमागे ट्रॉली जाते तसं हे दुसऱ्या विमानामागे दोरानं ओढत न्यायचं आणि सैनिकांसकट हवेत सोडून द्यायचं. हसू आलं ना? दोर सुटल्यावर आपण आत असतो, एवढं लक्षात आलं की जातं.

हे जी-1, कारखान्याची स्वतःची पहिली आखणी. ती केली विष्णु माधव घाटगे यांनी. कोल्हापूरकडचा माणूस, जर्मनीत गटिंगनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आलेला.

आता जरा पुढे सरका, 1943 मध्ये. कारखाना अमेरिकी हवाई दलानं दुरुस्तीसाठी हाती घेतलाय. थकलेली विमानं रांगेत आहेत, बेळ्ळंदूर तलावात कॅटालिना विमानं फवारे उडवत उतरताहेत. आज आलेलं विमान लवकरात लवकर परत धाडायचंय. अशात नवं घडवायला सवड कोणाला? चिडू नका, तिथे तुम्ही साहेब असतात तरी आधी दुरुस्तीच काढली असती.

जी-1 एकच बनलं. घाटग्यांचं एचटी-2 मात्र 1951 मध्ये उडालं आणि वायुदलाचे कित्येक वैमानिक त्यावर उडायला शिकले. त्यात जागा दोनच होत्या.