सार्वजनिक किल्लीचा वापरकर्ता-शोध

कूटलेखनाची सार्वजनिक किल्ली वापरकर्त्याच्या नावावरून वा क्रमांकावरून शोधून देणारी सोय. या किल्लीने निरोप बंद होतो. उघडतो तो फक्त जोडीच्या गुप्त किल्लीने. म्हणून सार्वजनिक किल्ली कोणालाही खुशाल द्यावी. व्हिटफिल्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये ही सार्वजनिक किल्लीची कल्पना मांडली. १९९१ मध्ये पीजीपी हे कूटलेखनाचे सॉफ्टवेअर आल्यावर ‘फिंगर’ ही जुनी सेवा कामी आली : नाव विचारले की त्या माणसाच्या ‘प्लॅन’ फाइलमधला मजकूर येई, अनेकांनी किल्ली तिथेच ठेवली.

आज खोपोलीतून कोणी व्हॉट्सॲपवर पहिला निरोप धाडतो तेव्हाही हेच घडते. मोबाइल क्रमांकावरून सर्व्हर समोरच्याची किल्ली आणून देतो. खरा धोका इथेच आहे. मधल्याने स्वतःची किल्ली पुढे केली, तर कुलूप भक्कम असूनही निरोप परक्याच्या हाती पडतो. म्हणून प्रत्यक्ष पडताळणी हवीच. संपर्काच्या माहितीत ‘एन्क्रिप्शन’ उघडले की दोघांच्या किल्ल्यांवरून बनलेले पाच-पाच अंकांचे बारा गट दिसतात. खोपोली लोकलमध्ये शेजारी बसलेल्या दोघांना हे ६० अंक दोन मिनिटांत जुळवता येतात. क्यूआर कोड स्कॅन केला तर त्याहून लवकर. नव्या फोनवर ॲप टाकले की अंक बदलतात, तेव्हा ते पुन्हा जुळवावेत.