बुरशीचे विरजण आणि पोटाचे औषध

भाकरीचा घास बराच वेळ चावत राहिले की गोड लागू लागतो, हे आपण मुलांना करून पाहायला सांगतो. लाळेतील विकर पिष्टाची साखर करते, एवढे सांगून पुढच्या धड्याकडे वळतो. धान्यावर वाढणाऱ्या काही बुरशीही हेच काम करतात. चीन आणि जपानमधील लोकांनी त्यांना फार पूर्वीच कामाला लावले होते.

सहाव्या शतकात च्या सिश्ये यांनी लिहिलेल्या ‘छीमिन याओशू’ या शेतीविषयक ग्रंथात गव्हाच्या वड्यांवर बुरशी वाढवून ‘छू’ करण्याच्या कृती दिल्या आहेत. छू म्हणजे धान्याची दारू करण्यासाठी लागणारे विरजण. ली शिचन यांच्या १५९६ साली छापलेल्या औषधीकोशातील नोंद बोलकी आहे : पूर्वी दारूचेच छू औषधाला वापरीत, पुढे वैद्यांनी औषधासाठी वेगळे ‘शनछू’ तयार केले. गव्हाचे पीठ, एका लहान लाल कडधान्याची पूड, जर्दाळूच्या बियांतील गर आणि तीन रानवनस्पतींचे रस एकत्र मळून त्याच्या वड्या उन्हाळ्यात पानांत गुंडाळून ठेवत. पिवळा थर चढला की त्या उन्हात वाळवत. जेवण अंगावर येऊन पोट जड झाले की हे औषध देत.

जपानमध्ये अशाच विरजणाला ‘कोजी’ म्हणतात. ताकामिने जोकिची (१८५४–१९२२) या रसायनतज्ज्ञाचे आजोळ दारू करणाऱ्यांचे. त्यांनी अमेरिकेत गव्हाच्या कोंड्यावर ही बुरशी वाढवली, तिच्यातील विकर वेगळे काढले आणि १८९४ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. हेच ‘ताकाडायास्टेज’. नात्सुमे सोसेकी यांच्या ‘मी मांजर आहे’ (१९०५–०६) या कादंबरीतले अपचनाने बेजार झालेले गृहस्थ तेच घेतात. पेशाने ते शाळामास्तर आहेत! आपल्याकडील पाचक औषधांच्या बाटल्यांवर ‘फंगल डायास्टेज’ असे छापलेले असते, ते याच घराण्यातले.

मग जुन्या वैद्यांचे म्हणणे सिद्ध झाले का? इथे घाई नको. शनछू पुष्कळदा करपेपर्यंत भाजून देतात आणि एवढ्या उष्णतेने विकर निकामी होते. म्हणजे भाजलेल्या औषधाचा गुण येत असेल, तर त्याचे श्रेय विकराला देता येत नाही. त्याची वेगळी परीक्षा घ्यायला हवी. जुने ते सारे विज्ञानच होते, किंवा जुने ते सारे खुळेपणाचे, ही दोन्ही उत्तरे सोपी म्हणूनच फसवी आहेत.

वर्गात एवढे करता येईल. भाताची पातळ, थंड पेज दोन परीक्षानळ्यांत घ्या. एकीत फंगल डायास्टेज असलेल्या औषधाचे काही थेंब टाका, दुसरीत तेच औषध दहा मिनिटे उकळून, गार करून टाका. अर्ध्या तासाने दोन्हींत आयोडिनचा एकेक थेंब सोडा. निळा रंग कुठे येतो आणि का, हे मुलांनाच सांगू द्या.