दट्ट्या आणि नळकांडें

सायकलचा पंप मारतांना हात हलका लागूं लागला, म्हणजे घरांतील पोरसुद्धां सांगतें कीं, आंतलें चामडें वाळलें. नळकांड्यांत दट्ट्या सैल झाला कीं बळ निसटतें, एवढाच त्याचा अर्थ. वाफेच्या पहिल्या यंत्रापासून शर्यतीच्या चिमुकल्या बोटीपर्यंत यंत्रें घडविणारांना ह्या एका फटीनें जितकें छळलें आहे, तितकें दुसऱ्या कशानें क्वचितच छळलें असेल.

1712 सालीं इंग्लंडांत डडलीजवळ टॉमस न्यूकोमेन यानें खाणींतील पाणी उपसणारें यंत्र उभारलें. त्याचा दट्ट्या नळकांड्यांत काटेकोर बसणें शक्यच नव्हतें. म्हणून त्यानें कडेला चामडें लाविलें व दट्ट्याच्या डोक्यावर पाण्याचा थर ठेविला. पाण्यानें फट बुजे आणि काम भागे. जेम्स वॉटला ही सोय नव्हती. नळकांडें सदैव तप्त ठेवावें हेंच त्याच्या यंत्राचें मर्म. पाणी ओतलें तर सगळा लाभ बुडाला. 1769 सालीं पेटंट मिळालें, परंतु यंत्र कांहीं नीट चालेना. तेलकट चिंध्या, ताग, जुन्या टोप्यासुद्धां त्यानें दट्ट्याभोंवतीं कोंबून पाहिल्या! त्याचा भागीदार जॉन रोबक ह्याच्या कोळशाच्या खाणींत पाणी भरत होतें आणि तें उपसावयास हें यंत्र वेळेवर मिळालें नाहीं. 1773 सालीं रोबकचें दिवाळें निघालें.

वॉटची कल्पना सदोष नव्हती. दोष नळकांड्याच्या घडणींत होता. तो जॉन विल्किन्सन ह्यानें दूर केला. तोफा कोरण्याच्या नव्या रीतीचें पेटंट त्यानें 1774 सालीं घेतलें होतें. पुढें नळकांडीं कोरतांना त्यानें हत्याराचा दांडा आरपार नेऊन दोन्ही टोंकांस टेकू दिला, त्यामुळें तो वांकेनासा झाला. वॉटचा नवा भागीदार मॅथ्यू बोल्टन ह्यानें 1776 सालीं मोठ्या समाधानानें लिहिलें कीं, पन्नास इंच व्यासाच्या नळकांड्यांत जुन्या शिलिंगच्या जाडीएवढीही चूक कोठें नाहीं. तरीही तागाचें वेष्टण सुटलें नाहीं. दट्ट्यावर खांचा पाडून त्यांत बाहेर ताण घेणारीं धातूचीं अरुंद कडीं बसविण्याची युक्ति एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जॉन रॅम्सबॉटम ह्या रेल्वे अभियंत्यानें रूढ केली, तेव्हां कोठें तो त्रास सरला.

शिलिंगची जाडी मात्र बोटीच्या शर्यतींत चालत नाहीं. इंग्लंडांत 1898 सालीं ‘मॉडेल एंजिनिअर’ हें नियतकालिक निघालें. घरच्या लेथवर एंजिन घडविणाऱ्या हौशी मंडळींना तें गुरुस्थानीं झालें. तळ्यांतील खांबाला तारेनें बांधलेली बोट वर्तुळांत पळविण्याच्या शर्यती पुढें रंगूं लागल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंतील रे आर्डन ह्याचा ग्लो प्लग आला, आणि मिथेनॉल व एरंडेल ह्यांच्या मिश्रणावर लहान एंजिनें भरधाव धांवूं लागलीं. साडेतीन घन सेंटिमीटरचें एंजिन मिनिटाला वीस हजारांहून अधिक फेरे घेतें, म्हणजे दट्ट्या सेकंदाला तीनशेंहून अधिक वेळां वरखालीं होतो. 1960 नंतर अशा कित्येक एंजिनांत कडींही गेलीं. ॲल्युमिनियमचा दट्ट्या, पितळेचें नळकांडें आणि त्याला आंतून क्रोमियमचा मुलामा, अशी जोडी आली. हें नळकांडें वरच्या टोंकाशीं किंचित् निमुळतें असतें. थंड असतां दट्ट्या तेथें अडतो. तापल्यावर पितळ फुगून तो मोकळा होतो.

म्हणूनच येथें रोगाचें निदान पहिल्यानें हातानेंच होतें. थंड एंजिन हातानें फिरवावें. माथ्याशीं येतांना तें अडलें पाहिजे. तेथें ढिलेपणा लागला, किंवा एंजिन थंड असतां सुरू होऊन तापल्यावर बंद पडलें व पुन्हां चालू होईना, तर झिजेचा संशय रास्त आहे. परंतु पुष्कळ हौशी शर्यतबाज इंधनाला दोष देतात, सुई फिरवीत बसतात आणि सबंध उन्हाळा घालवितात. प्लगभोंवतीं तेलाचा थेंब टाकावा. बुडबुडे आले तर चोर तेथें आहे. न आले तर नळकांड्यांत चार थेंब तेल सोडावें. तेवढ्यानें दाब वाढला तर फट दट्ट्याभोंवतींच आहे, हें न्यूकोमेनचेंच पाणी तेलाच्या रूपानें सांगून जातें.

मग एंजिन उघडावें. दट्ट्याच्या अंगावर तपकिरी डाग दिसले तर जळता वायु खालीं निसटत होता. उभे ओरखडे म्हणजे धूळ किंवा तेलाचा तुटवडा. बोटीच्या एंजिनाला आणखी एक रोग जडतो, तो विमानांच्या एंजिनांत फारसा आढळत नाहीं: तळ्याचें थंड पाणी शिरोभागाभोंवतीं फार खेळलें तर नळकांड्याचा माथा फुगतच नाहीं आणि दट्ट्या प्रत्येक फेऱ्याला अरुंद जागेंत घासतो. पाण्याची वाट लहान करणें, हा त्याला उपाय. पण क्रोमियम उडून पितळेचा पिवळा पट्टा दिसूं लागला असेल, तर दट्ट्या व नळकांडें दोन्ही बदलावीं लागतात. एकटा नवा दट्ट्या घेऊन भागत नाहीं, कारण तीं दोन्ही एकमेकांस जुळवूनच घडविलेलीं असतात.