धुऱ्यावरची भूमिती

भूमिती म्हटली की आपल्याला कंपासपेटी आठवते, आणि आलेख म्हटला की बारीक चौकटींचा कागद. हे सारे मोठ्या वर्गांचे काम, तिसरी-चौथीच्या पोरांना ते कसे झेपणार, असे पुष्कळ गुरुजी म्हणतात. २०१७ साली निघालेल्या नववीच्या गणिताच्या पुस्तकात निर्देशक भूमितीचा धडा आहे. तोवर थांबावे, असा एकूण रिवाज. माझे म्हणणे उलटे आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पोराला आलेख शाळेच्या आधी शेतात भेटलेला असतो. आपण त्याला त्याचे नाव तेवढे सांगत नाही.

चौफुलीची पऱ्हाटी आठवा. वखरलेल्या रानात आधी उभ्या रेघा पाडायच्या, मग आडव्या. रेघेवर रेघ येते तिथे फुली पडते आणि त्या फुलीवर सरकी टोबायची. हेतू एवढाच, की पुढे डवरा उभाही चालावा आणि आडवाही. आता बाप पोराला सांगतो, "धुऱ्याकडून तिसरे तास धर, त्यातली पाचवी फुली खाली आहे, तिथे सरकी लाव." पोरगा बिनचूक तिथेच जातो. दोन आकडे, एक जागा! फ्रान्समधल्या देकार्त नावाच्या तत्त्वज्ञाने १६३७ साली रेषा आणि समीकरणे यांची सांगड घालणारा ग्रंथ छापला, म्हणून या विद्येला त्याचे नाव चिकटले. गंमत अशी, की आपण आज वापरतो तसा चौकटींचा कागद त्या ग्रंथात नाहीच. तो सोपेपणा मागाहून आला.

आपल्या भागात ही विद्या कागदावर आली ती जमिनीच्या मोजणीतून. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले आणि पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर शेतवार मोजणी झाली. त्या पद्धतीतली साखळी ३३ फुटांची, आणि तिचे भाग १६, त्यांना म्हणायचे आणे. साखळीभर लांब नि साखळीभर रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. (रुपयाचे आणे १९५७ साली गेले, जुन्या मोजणीच्या कागदांतले मात्र राहिले.) मोजणीदार शेतातून एक सरळ पायारेघ धरी. त्या रेघेवर किती साखळ्या चाललो, आणि तिथून काटकोनात वळून धुऱ्याचे टोक किती साखळ्यांवर, असे दोन आकडे तो लिहून घेई. सगळी टोके अशी लिहिली की शेत कागदावर उतरले. याच कागदाला टिपण म्हणतात.

वाचकहो, टिपण ही नुसती कचेरीतली वस्तू नाही. धुरा कोरल्यावरून भावाभावांत बोलणे बंद होते, प्रकरण मोजणीवर जाते, आणि ज्याला ते दोन आकडे वाचता येत नाहीत तो आपल्याच शेतात परक्यासारखा उभा राहून दाखवतील तिथे अंगठा उठवतो. चौथीनंतर शाळा सुटलेली किती माणसे आपल्या गावात आहेत, पाहा. नववीतला धडा त्यांच्या कामाचा नव्हता.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. कर्नल विल्यम लॅम्ब्टन याने १८०२ साली मद्रासजवळ सुमारे साडेसात मैलांची एक पायारेघ मोजली आणि तिच्यावर त्रिकोण रचीत तो पुढे निघाला. युक्ती साधी. त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या दोन टोकांचे कोन कळले, की उरलेल्या दोन बाजू न चालताच कळतात. मग त्या बाजूवर पुढचा त्रिकोण. हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी तो हिंगणघाटला वारला. वर्धा नदी ओलांडली की हिंगणघाट दूर नाही, त्याची कबर तिथेच आहे. काम पुढे नेले जॉर्ज एव्हरेस्टने. त्याचे नाव त्या उंच शिखराला १८६५ साली मिळाले, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच्या मोजणीची रेघ ७७ अंश ४० कला रेखांशाच्या आसपास, आपल्या पुसद-दिग्रस-दारव्ह्याच्या पट्ट्यातून वर गेली, हे सहसा कुणी सांगत नाही.

तर गुरुजी, हे वर्गात आणायचे कसे? मैदानात चुन्याने चौकटी आखा. कोपऱ्याला शून्य म्हणा. आधी उजवीकडे, मग पुढे, हा नियम एकदाच सांगा. एक मुलगी तीन-पाचवर उभी करा, दुसरी पाच-तीनवर. क्रम बदलला की जागा बदलते, हे पोरे डोळ्यांनी पाहतात. मग म्हणा, ज्यांचे दोन्ही आकडे सारखे तेवढेच उभे राहा; पोरांची तिरपी सरळ रांग दिसेल. आता दोन्ही मिळून सात होतील असे उभे राहा. रांग दुसऱ्या अंगाला कलेल. झाला आलेख! अमेरिकेत रॉबर्ट डेव्हिस यांनी १९५७ च्या सुमारास मॅडिसन प्रकल्पातून लहान वर्गांना आलेख शिकवायला घेतले, तेव्हा तिकडेही पुष्कळांना नवल वाटले होते.

चार दिवसांनी पोरांना नाल्याकाठी न्या. काठावर वीस पावलांवर दोन खुंट्या ठोका. एका खुंटीवर स्टूल, त्यावर फळी, फळीवर कागद. कागदावर खुंट्यांमधली रेघ वीस चौकटींची काढून ती दुसऱ्या खुंटीकडे रोखा. मग फळी न हलवता पट्टी पलीकडच्या बाभळीकडे रोखून दुसरी रेघ ओढा. दुसऱ्या खुंटीवर जाऊन, पायारेघ पहिल्या खुंटीकडे वळवून, पुन्हा तसेच करा. रेघा मिळतात तिथे बाभूळ. चौकटी मोजल्या की पाण्यात पाय न घालता अंतर हाती येते.

नाला आटल्यावर दोरीने मोजून पाहा. दोन-तीन पावलांचा फरक पडेल. तो झाकू नका. फळी कुठे हलली, कुणाचे पाऊल लांब पडले, ते पोरांनाच शोधू द्या. लॅम्ब्टनची माणसेसुद्धा शेकडो मैल गेल्यावर नवी पायारेघ साखळीने मोजून आपले त्रिकोण ताडून बघत.