यंत्राची ओळख : नाव की लक्षण?

प्रशासनात ज्याला आपण वर्गवारी म्हणतो, तिचा प्रश्न संगणकाच्या जगातही आहे. तिथे तो कसा हाताळला गेला, हा इतिहास मला आपल्या कामाच्या दृष्टीने अभ्यासण्यासारखा वाटतो.

एकच सोर्स कोड निरनिराळ्या प्रोसेसरांवर चालवायचा, तर प्रत्येकाच्या भाषेत त्याचे भाषांतर करावे लागते. ते काम कंपायलर करतो. पण भाषांतर कोणत्या यंत्रासाठी करायचे, हे आधी ठरवावे लागते. पुण्याच्या सी-डॅकची ‘परम’ मालिकाच पाहा. १९९१ च्या परम ८००० मध्ये ट्रान्सप्युटर होते, १९९८ च्या परम १०००० मध्ये अल्ट्रास्पार्क, तर त्यानंतरच्या परम पद्ममध्ये आयबीएमचे पॉवर४. एका तपात प्रोसेसरांची तीन कुळे झाली!

पूर्वी अशा वेळी प्रत्येक यंत्राची माहिती हाताने भरावी लागे. १९९१ मध्ये डेव्हिड मॅकेन्झी हे ग्नू प्रकल्पाची अनेक साधने सांभाळत होते. हे भरणे वाढत चालले, म्हणून त्यांनी यंत्राची माहिती स्वतःच काढणारी एक स्क्रिप्ट लिहिली. तिच्यातूनच ‘ऑटोकॉन्फ’ उभे राहिले. त्याचे तत्त्व असे, की यंत्राचे नाव विचारून गुण गृहीत धरू नयेत. एक छोटा प्रोग्राम लिहून तो कंपाइल करून पाहावा. झाला, तर ती सोय तिथे आहे. शितावरून भाताची परीक्षा करावी, तसे.

तरीही प्रोसेसरचे नाव लागतेच. त्यासाठी पर बॉथनर यांनी मुळात लिहिलेली ‘कॉन्फिग.गेस’ ही स्क्रिप्ट आहे. ती ‘यूनेम’ या आज्ञेला विचारून ‘प्रोसेसर-उत्पादक-प्रणाली’ असे जोडनाव तयार करते. मात्र यूनेमचे उत्तर हे कर्नलचे प्रमाणपत्र असते. कर्नल ६४ बिटांचा आणि कंपायलर ३२ बिटांचा, असेही घडते. म्हणून काही ठिकाणी ही स्क्रिप्ट कंपायलरलाही प्रश्न विचारून खातरजमा करते. शिवाय बांधणी एका यंत्रावर आणि वापर दुसऱ्यावर असेल, तर चाचणीचा प्रोग्राम बांधणीच्या यंत्रावर चालवून काहीच कळत नाही. तिथे ‘होस्ट’, म्हणजे वापराचे यंत्र, माणसालाच सांगावे लागते. चाचणी कुठे पुरते आणि निवेदन कुठे घ्यावे, हा भेद इथे स्पष्ट दिसतो.

खरी अडचण वेगळीच निघाली. या स्क्रिप्टची प्रत प्रत्येक सॉफ्टवेअरच्या पोटात ठेवण्याची रीत होती. २०११ मध्ये एआरएमची ६४ बिटांची रचना जाहीर झाली, तिचे नाव ‘एआर्च६४’. जुन्या प्रतींच्या यादीत हे नाव नव्हते. त्यामुळे कोडमध्ये काहीही दोष नसताना ‘हे यंत्र ओळखता येत नाही’ म्हणून बांधणी दारातच थांबे. उपाय साधा होता : बांधणीच्या वेळी जुनी प्रत बाजूला सारून ताजी घालायची. डेबियनने ही सोय आपल्या बांधणीच्या साधनांतच केली. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे आपले प्रोसेसर रिस्क-फाइव्ह या आणखी नव्या कुळातले आहेत. जुन्या सॉफ्टवेअरच्या दारात त्यांनाही हाच पहारेकरी भेटतो.

यातून मला तीन गोष्टी दिसतात. जे तपासून पाहता येते, ते नावावरून ठरवू नये. नाव लागतेच तिथे त्याची नोंदवही एकच असावी. कार्यालयागणिक तिच्या शिळ्या प्रती नसाव्यात. आणि यादीत नाव नाही, एवढ्यावरून समोरचा अपात्र ठरत नाही. कदाचित आपली यादीच जुनी असते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. शिधापत्रिका असो वा मुलांचा शाळाप्रवेश, परप्रांतातल्या खिडकीपाशी ‘आमच्या नमुन्यात हे बसत नाही’ असे कधी ना कधी आपणा सर्वांना ऐकावे लागलेले आहे. अशा वेळी खिडकीच्या आतल्या माणसाने अर्ज परत करण्यापूर्वी आपल्या नमुन्याची तारीख पाहावी, एवढीच माझी अपेक्षा आहे.